फरशीत रोवलेले बाक

त्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखवला आणि गावातली बांधकामं होती तिथं थांबली. अर्ध्यावर आलेल्या भिंती तोंड वासून उभ्या राहिल्या. गवंड्याची थापी दाराआड खुंटीला लटकली, आणि येता-जाता ती दिसली की गवंड्याचं तोंड कडू व्हायचं.

"हात आखडले माझे," तो ज्याला त्याला सांगायचा.

"तोंड नाही आखडलं अजून," त्याची म्हातारी आई कोपऱ्यातून म्हणायची.

अशात शाळेचं काम आलं. शाळेला स्वतःची टाकी होती आणि टाकीत पाणी होतं. सुट्टीत नवे बाक आले होते. लोखंडी पायांचे, बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच सांगाड्यात जोडलेली. मुलं बाक ओढतात, आपटतात, त्या आवाजानं मोठ्या मास्तरांचं डोकं उठतं, म्हणून शाळेच्या कमिटीनं ठरवलं की बाकांचे पाय फरशीतच रोवून टाकायचे. कमिटीचे अध्यक्ष गिरणीवाले अण्णा. त्यांनी गवंड्याला बजावलं, "असे बसव की हत्तीनं धडक दिली तरी हलता कामा नये."

हे गवंड्याला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. त्यानं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली, एक डोळा मिटून ओळ पाहिली, फरशीला भोकं पाडली. गवंडीण वाळू चाळायची, माल कालवायची, घमेली आणून त्याच्या हाताशी ठेवायची. घमेलं बाईचं, थापी आणि छिन्नी पुरुषाची, अशी त्या घरातली रीत. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या हत्यारांना हात लावला नव्हता. लावला असता म्हणून हात झडला नसता. पण सासूनं लावला नाही, सासूच्या सासूनंही लावला नाही, मग आपणच कशाला लावा, असं चाललं होतं.

त्यांची एकुलती एक लेक दिवसभर सोबत असायची. अंगानं काडी म्हणून तिचं नाव काडीच पडलं होतं. लहानपणी तिला मोठा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना उजवा गुडघा घेऊन गेला. तेव्हापासून तो पाय सरळ म्हणजे सरळच, वळायचं नाव नाही. काडी पाय फेकत, खांदा उचलत चालायची आणि चालण्याच्या मानानं फार बोलायची. नव्यानं भरलेल्या सिमेंटवर पाणी मारायचं काम बापानं तिला दिलं होतं. ती पाण्याचा मग घेऊन एकेका बाकापाशी जायची.

"बाबा, ह्याची तहान भागली. आता त्याला पाजू?"

"पाज. पोटभर पाज. जेवढं पितील तेवढे घट्ट होतील."

आता कुणी म्हणेल, आईबाप असून त्यांच्या लक्षात कसं आलं नाही? पण तो पाय घरात इतका रोजचा झाला होता की दिसेनासा झाला होता. आजवर शाळेत ती सतरंजीवर भिंतीला टेकून, पाय पसरून बसायची. जमिनीवर पायाला कुठंही जायला वाट असते. बाकाच्या सांगाड्यात नसते. ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही. गवंडी ओळ बघत होता, गवंडीण माल बघत होती, आणि काडी सिमेंटला पाणी पाजत होती.

काम संपलं त्या दिवशी अण्णांनी बाकाला लाथ घातली आणि मग स्वतःचाच अंगठा धरून बसले. गवंडी आठवडाभर तेच सांगून हसत होता. खूश होऊन अण्णांनी शाळेच्या कुंपणाची भिंतही त्यालाच द्यायचं कबूल केलं.

शाळा सुरू झाली तरी पाऊस आला नव्हता. गावविहिरीचा गाळ काढायचं काम निघालं होतं. पुरुष खाली खोदत, बाया वर ओढलेला गाळ टोपल्यांतून बांधावर नेऊन टाकत. गवंडीण संध्याकाळी घरी आली तेव्हा गाळ कोपरापर्यंत सुकून कातडी ओढत होती. काडी उंबऱ्यात बसली होती आणि बोलत नव्हती. तिच्या नडगीची साल निघाली होती.

"पडलीस?"

"नाही. बाकात घालून बघितला."

"काय घालून बघितलं?"

"पाय. मावत नाही. बाहेर काढून बसले तर पोरं अडखळतात. एक तर तोंडावरच आपटला. मग बाई म्हणाल्या, सध्या व्हरांड्यात बस."

गवंडीण हात धुवायची थांबली. "व्हरांड्यातून फळा दिसतो?"

"उजवीकडचा दिसतो. गणित दिसत नाही, उत्तर दिसतं."

"मग काय वाईट आहे?" म्हातारी म्हणाली. "फुकटची उत्तरं!"

कुणी हसलं नाही. म्हातारी पण नाही. गवंडी भिंतीला टेकून बसला होता. तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया जेवायला बसल्या तेव्हा गवंडीण टोपली पालथी घालून तशीच शाळेत गेली. व्हरांड्याच्या टोकाला, चपलांच्या रांगेशेजारी, काडी पाय पसरून बसली होती. मांडीवर पाटी. आतून बाईंचा आवाज येत होता आणि काडी मान लांब करून तो पकडत होती. आईला बघून ती लाजली. आई न्यायलाच आली असं वाटून चपलांकडे सरकली.

मोठे मास्तर पायरीवर आले. गवंडिणीच्या पायांचा गाळ बघून एक पायरी मागे गेले.

"मास्तर, माझी पोरगी चपलांत का बसलीय?"

"अहो, तिच्याच सोयीसाठी आहे ते. आत तिला त्रास होतो. ऐका, शहरात अशा मुलांसाठी वेगळी शाळा आहे. राहायची सोय आहे. मी चिठ्ठी देतो."

"अशा म्हणजे कशा?"

"म्हणजे... तिच्यासारख्या."

"तिच्यासारखी मला दुसरी दाखवा. हिच्याइतकी बडबड करणारी तर सबंध गावात नाही."

मास्तर कसनुसं हसले. "बाई, एकीसाठी सगळा वर्ग बदलता येत नाही. शिस्त असते. आणि बाक काय मी बसवले? तुमच्याच मालकांनी बसवले. फार पक्कं काम केलंय हो!"

एवढं बोलून ते आत गेले. गवंडीण पायरीखाली उभी राहिली. गाळ उन्हात तडकत होता. मास्तरांनी तोंडात मारली असती तर तिला उलटून बोलता आलं असतं. पण शेवटचं वाक्य खरं होतं. खऱ्याला काय उलट बोलायचं? विहिरीवर परतली तेव्हा मुकादमानं उशिरावरून चार शब्द सुनावले. तिनं ऐकून घेतले. डोकं शाळेत होतं.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, एक बाक काढून टाका."

गवंडी दचकला. "काढा म्हणजे काय, खुंटीवरचा सदरा आहे तो? फोडावा लागेल."

"मग फोडा."

"अगं, शोभा होईल. लोक म्हणतील, गवंड्याचं काम पहिल्या महिन्यात उखडलं. आणि भिंतीचं काम? अण्णा देतील का मग?"

"भिंतीच्या आत कोण बसणार आहे? आपली पोरगी तर बाहेर."

"वेगळ्या शाळेचं काय म्हणाले ते?"

यावर म्हातारीच उठून बसली. "काय रे, मला कमी ऐकू येतं. उद्या मला धाडशील का वेगळ्या घरी?"

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

"मग माझ्या कानात बोल. मध्ये बोलायला मला ऐकू कुठं येतंय सगळं?"

गवंडी उठून बाहेर गेला. तो निर्दय नव्हता. खरं तर तो दुसऱ्याच दिवसापासून सकाळी लवकर उठून शाळेत जाऊ लागला, आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात त्यानं लेकीसाठी एक बैठक बांधली. तिला पाठ टेकायला उतार दिला, पाय ठेवायला लांब कट्टा काढला, हाताशी दप्तराचा कोनाडा केला. वरून इतका गुळगुळीत गिलावा केला की हात फिरवावासा वाटावा. मग बायकोला दाखवायला घेऊन आला. गिऱ्हाइकाला दाखवतात तसा तो बाजूला उभा राहिला.

गवंडिणीनं बैठकीवर हात फिरवला. काम सुरेख होतं. तिला भरून आलं आणि त्याच वेळी संताप आला.

"छान आहे," ती म्हणाली. "आता ही आत उचलून न्या."

"आत कशी नेणार? इथंच बांधलीय."

"तेच म्हणते मी. तुम्ही हिला बाहेर सिंहासन बांधलंत. बाहेर ते बाहेरच. कालपर्यंत ही इथं सध्यापुरती बसत होती. आजपासून कायमची बसणार. तुमच्या हातचं काम कधी हललंय का?"

गवंड्याचा चेहरा असा उतरला की तिला वाईट वाटलं. पण शब्द परत घ्यायचे असते तर तिनं काढलेच नसते.

मग ती कमिटीच्या मागे लागली. गिरणीत दळण घेऊन गेली की पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारायची, "अण्णा, मीटिंग कधी?" अण्णा कानाला हात लावून ऐकू येत नाही असं दाखवायचे. ती गिरणी थांबेपर्यंत उभी राहायची. रांगेतल्या बायका ताटकळायच्या, मग त्याही म्हणायच्या, "अहो अण्णा, घ्या की हिची मीटिंग, आमचं पीठ तरी होईल." शेवटी अण्णांनी शाळा सुटायच्या वेळेला मीटिंग ठेवली.

मास्तरांच्या खोलीत कपाटं मुलखाची, त्यामुळे मीटिंग वर्गातच भरली. खुर्ची नव्हतीच. अण्णा पहिल्या ओळीतल्या बाकात शिरले. आधी एक बाजू, मग श्वास सोडून दुसरी. त्यांचं पोट लिहायच्या फळीवर येऊन बसलं. शेजारच्या बाकात निवृत्त पोस्टमनदादा बसले; जन्मभर सायकल मारून त्यांचे गुडघे गेले होते, ते त्यांनी हातानं उचलून एकेक आत ठेवले. मास्तर उभेच राहिले. बाई फळ्यापाशी खडूचा तुकडा बोटांत फिरवत होत्या. घरी जायचं सोडून पोरं खिडक्यांना लटकली होती. काडी दारात आणि गवंडी तिच्याही मागे, विहिरीवरून तसाच आलेला, हत्यारांची पिशवी खांद्याला.

"हं, बोल," अण्णा म्हणाले. "पण थोडक्यात."

"हिला आत बसायचंय. संपलं."

"अगं, आम्ही काय वैरी आहोत का? नियम असतो. सगळ्यांना एकसारखे बाक दिलेत. एकीला वेगळं केलं की उद्या दुसरा येईल, त्याला वेगळं पाहिजे. मग शाळा राहील की बाजार होईल?"

"एकसारखे?" गवंडीण म्हणाली. "पोस्टमनदादा, तुम्हाला कसं वाटतंय बसून?"

दादा ओशाळले. "खरं सांगू? गुडघ्याखाली मुंग्या आल्यात."

"आणि अण्णा, तुमचं पोट ह्या बाकात मावत नाही. म्हणून तुम्हाला कुणी शहरातल्या वेगळ्या गिरणीत धाडलं का?"

खिडक्या फिदीफिदी हसल्या. अण्णा संतापानं उठायला गेले. फळीनं त्यांना धरून ठेवलं. बाक हलला नाही. त्यांनी फळीवर हात टेकून पुन्हा जोर केला, तोंड लाल झालं, आणि ते जागच्या जागी बसले.

"बसा, अण्णा," गवंडीण म्हणाली. "पोरं सकाळपासून शाळा सुटेपर्यंत बसतात. तुम्ही मीटिंगपुरते तरी बसा."

"गवंड्या!" अण्णा ओरडले. "बायकोला आवर! आणि सांग तिला, निघतात का हे बाक?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. गवंडी पुढं आला. एका बाकाच्या पायाशी त्याची नजर गेली आणि कितीही नाही म्हटलं तरी त्याची छाती थोडी फुगली.

"नाही निघत," तो म्हणाला.

"ऐकलंस?" अण्णा म्हणाले.

"ऐकलं." ती नवऱ्याकडे वळली. "निघत नाहीत. फुटतात का?"

गवंडी खांद्यावरची पिशवी सावरू लागला.

"अहो, तुम्हालाच विचारतेय. फुटतात का?"

"फुटतील," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण मी माझ्या हातानं..."

"तुमच्या हातानं नका."

तिनं त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढली, आतून छिन्नी आणि हातोडा काढला. क्षणभर तिचं तिलाच कसं तरी झालं. छिन्नी वाटली होती त्यापेक्षा जड होती, आणि नवऱ्याच्या अंगाची ऊब तिच्यात उतरली होती. मग पदर खोचून ती अण्णांच्या दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या बाकापाशी खाली बसली आणि तिनं घाव घातला.

छिन्नी घसरली. हातोडा तिच्या बोटांच्या पेरांवर बसला, कातडं सोललं. "आई गं," काडी दारातून म्हणाली. गवंडिणीनं पेरं तोंडात धरली, थुंकली आणि पुन्हा मारला. फरशीचा एक टवका उडाला. सिमेंट तसंच.

"अहो, थांबवा हिला!" मास्तर म्हणाले. "ही शाळेची वस्तू आहे!"

"पोरगी पण शाळेचीच आहे," ती म्हणाली आणि तिसरा घाव घातला. तोही वाकडा गेला. चांगल्या फरशीला तडा पडला.

गवंड्याला ते बघवेना. चेहरा असा झाला की जणू त्याच्याच दातावर कुणी मारतंय. अण्णा काय बोलत होते ते त्याला ऐकू येत नव्हतं. चौथा घाव बसायच्या आत तो ओरडला, "अगं, उभी नको धरूस! तिरपी धर, तिरपी!"

"तिरपी म्हणजे कशी?"

"फरशीची वाट लावतेस उगीच! कड धर आधी. कड सुटली की गाभा सुटतो."

"मला कुणी शिकवलंय?"

तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. तिला वाटलं, आता हातोडा काढून घेईल. त्यानं नुसती छिन्नी घेतली, सिमेंटच्या कडेला तिरपी टेकवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मार," तो म्हणाला.

"हातावर बसला तर?"

"बसला तर बसला. मार."

तिनं मारला. ह्या वेळी आवाज वेगळा आला, भरीव. कडेचा तुकडा सुटून घरंगळत मास्तरांच्या बुटापाशी गेला.

"गवंड्या," अण्णा बाकात अडकल्या-अडकल्या म्हणाले, आणि आता ते ओरडत नव्हते, "कुंपणाची भिंत विसर मग. ह्या गावात शाळेचं काम पुन्हा तुला नाही."

गवंड्यानं छिन्नी इंचभर सरकवली. "विसरलो," तो म्हणाला. "मार गं."

वेळ लागला. सिमेंट खरंच चिवट होतं, गवंडी घामानं निथळत होता आणि मध्येच पुटपुटत होता, "कुठून एवढं घट्ट केलं!" बायको म्हणाली, "चांगलं काम केलं की असंच होतं." तो हसला नाही, पण ओठ हलले. पोस्टमनदादा आपले गुडघे एकेक बाहेर काढून उठले. अण्णांना त्यांनी काखेत हात घालून ओढून मोकळं केलं. अण्णा सदरा झटकत दारापर्यंत गेले. पण पुढं काय होतं ते बघितल्याशिवाय त्यांना जाववेना.

शेवटचा पाय सुटला. दोघांनी बाक उचलून भिंतीला लावला. त्याच्या पायांना सिमेंटचे गोळे तसेच चिकटलेले. फरशीवर मोकळी जागा उघडी पडली. गवंडिणीनं पदरानंच चुरा झाडला.

"ये काडी. बस."

काडी पाय फेकत आली. बसली. पाय पसरला, कुणाला लागला नाही, कशात अडकला नाही. तिनं फळ्याकडे पाहिलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"इथून नाही."

"काय नाही?"

"इथून फळा चकाकतो. खिडकीचं ऊन येतं त्याच्यावर. मला तिकडे पाहिजे. मधल्या ओळीत, भिंतीकडे."

गवंड्यानं कपाळावरचा घाम पुसला. "कार्टे, आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी कुणी विचारलं?"

बाईंच्या बोटांतला खडू थांबला होता. इतका वेळ त्या भिंतीसारख्या उभ्या होत्या. आता त्या मधल्या ओळीतल्या बाकापाशी गेल्या, खाली वाकल्या आणि त्याच्या पायाशी खडूनं फुली मारली.

"बाई!" मास्तर म्हणाले.

बाई खिडकीकडे वळल्या. "पोरांनो, आणखी कुणाला बसल्या जागेवरून दिसत नाही? ऐकू येत नाही कुणाला?"

मग वर्गात ज्याला भिंगरी म्हणत तो पोरगा गजांतून तोंड काढून म्हणाला, "बाई, मला सगळं दिसतं. पण मला बसवत नाही. मागं उभं राहून लिहिलं तर चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या, आणि चालेल म्हणाल्यावर स्वतःच दचकल्या.

"बाई, माझा हा कान बंद आहे, मला त्या अंगाला!" "बाई, मला लांबचं अंधुक दिसतं!" "बाई, आम्हा दोघांना समोरासमोर!" एकीनं तर नुसतंच सांगितलं की तिला दाराजवळ नको, तिथं भीती वाटते. का, ते कुणी विचारलं नाही. बाई वाकत होत्या, फुली मारत होत्या, उठत होत्या. त्यांच्या साडीच्या निऱ्या खडूनं पांढऱ्या झाल्या.

गवंडी त्या फुल्या बघत होता. त्यानं ताणलेल्या दोरीची ती सरळ ओळ, आणि तिच्यावर जागोजागी उठलेलं हे पांढरं पुरळ.

"म्हणजे सगळंच?" त्यानं बायकोला विचारलं.

तिनं सोललेल्या पेरांना चिंधी गुंडाळली, गाठ दातांनी आवळली.

"उद्या सकाळी वर्ग कसा भरणार आहे?" मास्तर दारात जाऊन म्हणाले. "मी विचारतोय, उद्या ह्या वर्गाचं काय होणार?"

गवंडीण हातोडा घेऊन पुढच्या फुलीपाशी सरकली, नवऱ्यानं छिन्नी टेकवायची वाट बघत बसली.

"मास्तर," ती म्हणाली, "दारातून जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."